अर्थ तोच, ओळी निराळ्या : प्रीप्रोसेसरच्या उताऱ्यातील बदल व कॉन्फिगर स्क्रिप्टांचे अपयश

१. विषयप्रवेश

कालपर्यंत निर्वेधपणे बांधली जाणारी आज्ञावली कंपायलरची नवी आवृत्ती येताच बांधली जाईनाशी व्हावी, हा अनुभव संशोधनासाठी संगणक वापरणाऱ्यांना अपरिचित नाही. आज्ञावलीच्या मूळ मजकुरात एका अक्षराचाही बदल झालेला नसतो. नवा कंपायलर भाषेच्या प्रमाणाला धरूनच वागत असतो. असे असूनही बांधणी अडते. किंवा त्याहून वाईट म्हणजे ती न अडता पुरी होते, आणि सिद्ध झालेली आज्ञावली एखाद्या सोयीवाचून राहते. या अपयशाचे एक महत्त्वाचे कारण म्हणजे प्रीप्रोसेसरने बाहेर टाकलेल्या मजकुराच्या बाह्य रूपात झालेला बदल. त्याचे स्वरूप, त्याची कारणे व त्यापासून बचावाचे उपाय यांचे विवेचन प्रस्तुत लेखात करावयाचे योजिले आहे.

विषय तांत्रिक असला तरी त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न आपल्या नित्याच्या व्यवहारातला आहे. सातबाराच्या उताऱ्याचेच उदाहरण घेऊ. महसूल खात्याने २०२० साली या उताऱ्याचा नमुना बदलला. गावाच्या नावाबरोबर त्याचा संकेतांक दाखविण्याची व लागवडीयोग्य क्षेत्र आणि पोटखराबा निराळे दाखवून एकूण क्षेत्र नमूद करण्याची पद्धत आली. जमीन तीच, खातेदार तोच, क्षेत्रही तेच. जो कारकून मथळा वाचून त्याखालचा आकडा टिपून घेत होता, त्याला या बदलाचा त्रास झाला नसेल. परंतु 'वरून सातव्या ओळीतील दुसरा आकडा म्हणजे क्षेत्र' असा ठोकताळा ज्याने बांधला असेल, त्याच्या वहीत मात्र भलताच आकडा गेला असता, आणि तो चुकीचा आहे हे त्याला कळलेही नसते. प्रीप्रोसेसरने बाहेर टाकलेल्या मजकुरालाही या लेखात 'उतारा' असेच म्हटले आहे, कारण दोहोंची कथा एकच आहे.

२. प्रीप्रोसेसरचे कार्य व त्याचा पूर्वेतिहास

सी भाषेत लिहिलेला मजकूर यंत्रभाषेत जाण्यापूर्वी त्यावर एक पूर्वसंस्कार होतो. अन्य फाइलींतील मजकूर योग्य जागी आणून घालणे, मॅक्रोच्या नावाच्या जागी त्याचा विस्तार ठेवणे आणि अटीनुसार काही भाग गाळणे, ही ती कामे. ती करणारा घटक म्हणजे प्रीप्रोसेसर. सी भाषेचे जनक डेनिस रिची यांनी भाषेच्या जडणघडणीचा जो वृत्तान्त लिहून ठेवला आहे, त्यावरून दिसते की हा घटक १९७२-७३ च्या सुमारास, अंशतः अ‍ॅलन स्नायडर यांच्या आग्रहामुळे भाषेत आला. प्रारंभी त्याला फाइली समाविष्ट करणे व साध्या नावांची अदलाबदल करणे एवढेच साधत असे. पुढे माइक लेस्क व नंतर जॉन रायझर यांनी त्यात सार्थ चले घेणारे मॅक्रो व सशर्त संकलन यांची भर घातली. अर्थात प्रीप्रोसेसर हा भाषेच्या गाभ्यात उगवलेला घटक नव्हे. तो तिच्या दारात नंतर येऊन बसलेला आहे, व म्हणूनच त्याच्याकडे स्वतंत्र अवजार म्हणून पाहण्याची सवय जुन्या प्रोग्रामरांना लागली.

१९८९ साली भाषेचे प्रमाण निश्चित झाले तेव्हा भाषांतराचे आठ टप्पे सांगण्यात आले. चौथ्या टप्प्यात मॅक्रोंचा विस्तार होतो. सातव्या टप्प्यात, टोकनांना एकमेकांपासून वेगळे करणाऱ्या मोकळ्या जागांना काहीही अर्थ उरत नाही. येथे वाचकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. या प्रमाणानुसार एका टप्प्यातून दुसऱ्या टप्प्याकडे जाते ती टोकनांची मालिका. ओळींचा मजकूर नव्हे. तो संस्कारित मजकूर कागदावर उतरवून दाखविलाच, तर त्यात ओळ कोठे तुटावी, जागा किती सुटावी, याविषयी प्रमाण मौन बाळगते. जे प्रमाणात नाही ते बदलण्यास कंपायलरचे कर्ते मोकळे आहेत. पुढील सर्व विवेचनाचा पाया हाच आहे.

या उताऱ्यात टोकनांखेरीज आणखी एक गोष्ट असते, ती म्हणजे ओळ-निर्देशक. अनेक फाइलींचा मजकूर एकत्र झाल्यावर कोणती ओळ मूळ कोठून आली हे कंपायलरला सांगावे लागते. एरवी चुकीचा निर्देश भलत्याच फाइलीकडे होईल. यासाठी जीसीसी हा कंपायलर मधूनमधून एक स्वतंत्र ओळ घालतो. तिच्या आरंभी दंडांकित चौकट-चिन्ह, मग ओळीचा क्रमांक, मग अवतरणचिन्हांत फाइलीचे नाव व शेवटी १ ते ४ यांपैकी काही खुणेचे अंक असतात. १ म्हणजे नवी फाइल सुरू झाली. २ म्हणजे आधीच्या फाइलीत परतलो. ३ म्हणजे पुढील मजकूर व्यवस्थेच्या हेडर फाइलीतील आहे, तेव्हा काही सूचना दाबून ठेवाव्यात. आणि ४ म्हणजे तो मजकूर सी भाषेचा समजावा.

३. कॉन्फिगर स्क्रिप्टांना या उताऱ्याची गरज का पडते

युनिक्सच्या अनेक शाखा झाल्यानंतर एकच आज्ञावली निरनिराळ्या यंत्रांवर बांधता यावी यासाठी यंत्राची आधी चौकशी करणाऱ्या स्क्रिप्टा लिहिल्या जाऊ लागल्या. डेव्हिड मॅकेन्झी यांनी १९९१ साली ऑटोकॉन्फ या साधनाचा आरंभ केला, आणि पुढे अशा स्क्रिप्टा हाताने लिहिण्याऐवजी साच्यातून तयार होऊ लागल्या. कॉन्फिगर स्क्रिप्टेचे काम प्रश्न विचारण्याचे असते. अमुक हेडर आहे काय? अमुक ग्रंथालयाची आवृत्ती कोणती? अमुक स्थिरांकाचे मूल्य किती?

यांपैकी शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरे मॅक्रोंत दडलेली असतात. ती काढण्याची सोपी युक्ती अशी की, एक लहानशी फाइल लिहावी, तिच्यात हवे ते हेडर समाविष्ट करावे, खाली मॅक्रोचे नाव लिहावे, आणि फाइल केवळ प्रीप्रोसेसरमधून काढावी. नावाच्या जागी मूल्य येते, व ग्रेप, सेड किंवा ऑक यांच्या साहाय्याने ते टिपून घेता येते. ही युक्ती स्वस्त आहे, जलद आहे, आणि सिद्ध झालेला प्रोग्राम चालविण्याची गरज तिला पडत नाही. दुसऱ्या जातीच्या यंत्रासाठी बांधणी करताना हा गुण मोठाच ठरतो. मात्र तिच्यात एक अव्यक्त गृहीतक आहे: नाव जेथे लिहिले त्याच ओळीवर मूल्य उमटेल. कित्येक वर्षे हे गृहीतक खरे ठरत गेले, म्हणून ते गृहीतक आहे याचाच विसर पडला.

४. जीसीसी ५ मधील बदल

जीसीसी ५ या मालिकेची पहिली आवृत्ती, ५.१, २२ एप्रिल २०१५ रोजी प्रसिद्ध झाली. तीत एक जुना दोष दूर करण्यात आला. व्यवस्थेच्या हेडरमधील मॅक्रो वापरकर्त्याच्या फाइलीत विस्तार पावला की त्याची टोकने मूळची कोठली, हे एका दमात होणाऱ्या संकलनात कंपायलरला ठाऊक असते. परंतु पूर्वसंस्कार आधी करून उतारा फाइलीत ठेवला आणि संकलन नंतर केले, तर ही माहिती वाटेत हरवत असे. मग एरवी दाबल्या जाणाऱ्या सूचना उगाच प्रकट होत. डिस्टसीसीसारखी साधने पूर्वसंस्कारित मजकूर दुसऱ्या यंत्राकडे संकलनासाठी धाडतात. त्यांना ही विसंगती भोवत असे. उपाय म्हणून जीसीसी ५ चा प्रीप्रोसेसर अशा टोकनांच्या आधी व नंतर ओळ-निर्देशक घालू लागला.

परिणाम काय झाला ते एका नमुन्याने स्पष्ट होईल. मूळ चिन्हे रोमन लिपीत असतात; येथे समजुतीसाठी ती देवनागरीत दाखविली आहेत. अपयशाचा संकेत असलेला मॅक्रो व्यवस्थेच्या हेडरमध्ये १ असा दिलेला आहे. पूर्वी उताऱ्यात येत असे ते असे:

परिणाम=१

जीसीसी ५ नंतर तेच असे येऊ लागले:

परिणाम=
# २ "नमुना" ३ ४
१

कंपायलरच्या दृष्टीने दोन्ही उतारे सारखेच आहेत. टोकनांची मालिका तीच आहे. परंतु 'परिणाम=' या अक्षरांच्या पुढचा आकडा उचलणाऱ्या स्क्रिप्टेला आता तेथे काहीच सापडत नाही. शेवटची ओळ घेणाऱ्या स्क्रिप्टेला नाव नसलेला आकडा मिळतो. आणि कोणताही पहिला आकडा उचलणाऱ्या स्क्रिप्टेला मूल्याऐवजी ओळीचा क्रमांक मिळतो. तिसरा प्रकार सर्वांत घातक होय, कारण तेथे उत्तर मिळते आणि ते खोटे असते.

५. दोन प्रत्यक्ष उदाहरणे

या बदलाचा फटका बसलेल्या आज्ञावलींपैकी दोन विशेष उद्बोधक आहेत.

पहिली एनकर्सेस. मजकुराच्या पडद्यावर खिडक्या व रंग दाखविणारे हे ग्रंथालय जवळजवळ प्रत्येक लिनक्स यंत्रावर असते. त्याच्या मुख्य हेडरमध्ये अनेक क्रिया मॅक्रोंच्या रूपाने दिलेल्या आहेत. त्यांच्या जोडीला खरीखुरी फंक्शनेही लागतात, आणि ती हाताने न लिहिता एक स्क्रिप्ट तयार करते. ती स्क्रिप्ट हेडर प्रीप्रोसेसरमधून काढते व फंक्शनांच्या घोषणा सेड आणि ऑक यांनी ओळीओळीने वाचते. या घोषणांत सत्यासत्य दर्शविणारा 'बूल' हा प्रकार वारंवार येतो. तो व्यवस्थेच्या हेडरमधील मॅक्रो असल्यामुळे जीसीसी ५ ने त्याच्या भोवती ओळ-निर्देशक घातले, घोषणा मध्येच तुटल्या आणि स्क्रिप्टेने व्याकरणदृष्ट्या अशुद्ध फंक्शने लिहिली. बांधणी कंसाविषयीची तक्रार करून थांबली. तक्रार ज्या फाइलीविषयी होती ती कोणा माणसाने लिहिलेलीच नव्हती. तेव्हा ती वाचून मूळ कारणापर्यंत पोहोचणे किती अवघड, याची कल्पना यावी.

दुसरी पर्ल. व्यवस्थेने दिलेल्या चुकांच्या संकेतांची नावे व मूल्ये पर्लमधील 'एर्नो' या मोड्यूलमध्ये असतात. बांधणीच्या वेळी ती यादी अशी तयार होते: प्रत्येक नाव एकदा अवतरणचिन्हांत आणि एकदा दुहेरी चौकोनी कंसांत लिहावयाचे. अवतरणातील नाव जसेच्या तसे राहते, कंसातील नावाचा विस्तार होतो. म्हणजे उताऱ्यात नाव आणि मूल्य शेजारी-शेजारी येतात. उदाहरणार्थ, चुकीचे चल दिल्याचा संकेत लिनक्सवर २२ आहे. युक्ती सुबक खरी. पण वाचन एका वेळी एका ओळीचे होते, आणि जी ओळ अपेक्षित आकृतीशी जुळणार नाही ती न बोलता सोडून देण्याचा नियम होता. जीसीसी ५ ने कंसातील मूल्य खालच्या ओळीवर ढकलले; ओळी जुळेनात, आणि नियमाप्रमाणे त्या सोडून दिल्या जाऊ लागल्या. १ जून २०१५ रोजी आलेल्या पर्ल ५.२२ मध्ये, जीसीसी ५ असल्यास ओळ-निर्देशक वगळण्याचा पर्याय प्रीप्रोसेसरला देण्याची दुरुस्ती नमूद आहे.

असाच प्रसंग पूर्वीही येऊन गेला होता, हे येथे सांगणे अप्रस्तुत होणार नाही. एक्स विंडो व्यवस्थेची बांधणी दीर्घकाळ आयमेक या साधनाने होत असे, आणि आयमेक मेकफाइली तयार करण्यासाठी सी चा प्रीप्रोसेसरच राबवीत असे. मेकफाइलीत ओळीच्या आरंभीच्या टॅबला अर्थ असतो. सी भाषेत तो नसतो. प्रमाणानुसार वागणारे प्रीप्रोसेसर मोकळ्या जागा आवळू लागले तेव्हा टॅब नाहीसे झाले, आणि आयमेकला ते पुन्हा बसविण्याची व्यवस्था करावी लागली. २००५ साली एक्स ११ च्या सातव्या आवृत्तीपासून ही व्यवस्था ऑटोकॉन्फ व तत्संबंधी साधनांकडे गेली. फोरट्रानमध्ये तर दोन तिरप्या रेघा हे अक्षरमाला जोडण्याचे चिन्ह आहे आणि सी च्या प्रीप्रोसेसरला ती टीपेची सुरुवात वाटते. म्हणून जीफोरट्रान जुन्या पारंपरिक पद्धतीचा पूर्वसंस्कार वापरतो. परक्या कामासाठी घेतलेले अवजार केव्हातरी आपल्या मूळ धर्माप्रमाणे वागणारच, हा या सर्व उदाहरणांचा मथितार्थ आहे.

६. मूक अपयश

एनकर्सेसची बांधणी थांबली, हे एका अर्थी सुदैवच. कॉन्फिगर स्क्रिप्टांतील अपयश पुष्कळदा मूक असते, आणि त्याची यंत्रणा समजून घेण्यासारखी आहे.

समजा, एखादी स्क्रिप्ट ग्रंथालयाच्या आवृत्तीचा आकडा उताऱ्यातून काढून तो ५ पेक्षा कमी नाही ना, हे पाहते. आकडा न सापडल्यामुळे तिच्या हाती रिकामी अक्षरमाला येते. शेल रिकाम्या अक्षरमालेची ५ शी तुलना करू शकत नाही. तो चूक नोंदवितो आणि शून्येतर संकेत परत करतो. पण 'नाही' या उत्तराचा संकेतही शून्येतरच असतो. चूक झाल्याचे निवेदन बहुधा नोंदवहीच्या फाइलीत जाते किंवा टाकून दिले जाते. स्क्रिप्ट निष्कर्ष काढते की ग्रंथालय जुने आहे, व त्यावर अवलंबून असलेली सोय वगळून पुढे जाते. बांधणी यशस्वी होते. 'उत्तर नाही' आणि 'उत्तर नकारार्थी आहे' या दोन भिन्न गोष्टी एकाच संकेतात मिसळल्या गेल्या, हा येथील खरा दोष होय.

संशोधकाच्या दृष्टीने यातील धोका उघड आहे. दोन विद्यार्थ्यांनी एकाच आज्ञावलीची एकच आवृत्ती दोन यंत्रांवर बांधली, व एकीत एखादी गणिती सोय आली आणि दुसरीत आली नाही, तर एकाच प्रयोगाचे दोन वेळा निराळे फळ मिळेल. आज्ञावलीचे नाव व आवृत्ती प्रबंधात नमूद केली म्हणजे प्रयोग पुन्हा करता येईल, ही समजूत मग अपुरी ठरते. कंपायलरची आवृत्ती आणि कॉन्फिगर स्क्रिप्टेने काढलेले निष्कर्ष हेही प्रयोगसामग्रीचाच भाग मानले पाहिजेत.

७. उपाययोजना

पहिला व तात्कालिक उपाय म्हणजे ओळ-निर्देशक वगळण्याचा पर्याय. जीसीसीला 'पी' हा मोठ्या लिपीतील पर्याय दिला की उताऱ्यात निर्देशक येत नाहीत. एनकर्सेस व पर्ल या दोहोंची दुरुस्ती याच मार्गाने झाली. परंतु हा उपाय रोगलक्षणावरचा आहे. ओळ कोठे तुटावी याचे बंधन त्यानेही येत नाही. आणि सर्व कंपायलरांकडून तेच वर्तन मिळेल असे गृहीत धरणे म्हणजे जुन्या गृहीतकाच्या जागी नवे बसविणे होय.

दुसरा उपाय उतारा टोकनांच्या रीतीने वाचण्याचा. निर्देशकांच्या ओळी आधी काढून टाकाव्यात, उरलेल्या ओळी एकत्र जोडाव्यात, आणि आपल्याच घातलेल्या दोन विशिष्ट खुणांमधील मजकूर उचलावा. तो न सापडल्यास स्क्रिप्टेने तेथेच थांबावे.

तिसरा उपाय तत्त्वतः सर्वांत शुद्ध आहे: उतारा वाचूच नये, खुद्द कंपायलरलाच विचारावे. ऑटोकॉन्फमध्ये पूर्णांकाचे मूल्य काढण्याची जी सोय आहे ती याच तत्त्वावर उभी आहे. यंत्र तेच असेल तर ती लहानसा प्रोग्राम चालवून मूल्य फाइलीत लिहून घेते. दुसऱ्या जातीच्या यंत्रासाठी बांधणी चालू असेल तर प्रोग्राम चालविता येत नाही. तेव्हा ती अशी फाइल रचते की अट खरी असल्यास एका अ‍ॅरेची लांबी १ येईल आणि खोटी असल्यास उणे १. उणे लांबीचा अ‍ॅरे कंपायलर नाकारतोच. अशा रीतीने संकलन झाले म्हणजे 'होय', न झाले म्हणजे 'नाही'.

मूल्य २२ आहे असे समजून ही पद्धत चालवून पाहू. प्रथम ते शून्य किंवा अधिक आहे काय, असे विचारले जाते, उत्तर 'होय'. मग ते ० पर्यंत, १ पर्यंत, ३ पर्यंत, ७ पर्यंत, १५ पर्यंत आहे काय, या पाच प्रश्नांना 'नाही'. ३१ पर्यंत आहे काय, याला 'होय'. आता ते १६ व ३१ यांच्या दरम्यान आहे हे ठरले. पुढे मध्य काढीत २३ ला 'होय', १९ ला 'नाही', २१ ला 'नाही' व २२ ला 'होय' अशी उत्तरे येतात आणि मूल्य निश्चित होते. एकूण ११ संकलने झाली. प्रीप्रोसेसरच्या एका फेरीपेक्षा हे महाग आहे यात शंका नाही. परंतु यातील एकही उत्तर ओळींच्या मांडणीवर अवलंबून नाही, केवळ भाषेच्या अर्थावर अवलंबून आहे. हेडर आहे की नाही हे पाहण्यासाठीही ऑटोकॉन्फने हाच मार्ग धरला आहे. डिसेंबर २०२० मध्ये आलेल्या २.७० या आवृत्तीपासून ती तपासणी केवळ पूर्वसंस्काराने होत नाही, संकलनाने होते.

एक व्यावहारिक अडचण मात्र राहते. कॉन्फिगर स्क्रिप्ट ही तयार होऊन आज्ञावलीबरोबर वाटली जाते. ऑटोकॉन्फ सुधारले तरी पूर्वी वाटलेल्या स्क्रिप्टा सुधारत नाहीत. जुनी आज्ञावली नव्या कंपायलरने बांधावयाची असेल तर ती स्क्रिप्ट पुन्हा निर्माण करून घ्यावी लागते. आमच्या विद्यार्थ्यांनी निदान इतके करावे: बांधणी झाल्यावर कॉन्फिगर स्क्रिप्टेची नोंदवही उघडून कोणत्या सोयीला 'नाही' हे उत्तर मिळाले ते पाहावे, आणि ते अनपेक्षित असल्यास त्याच्या वरच्या ओळी वाचाव्यात. कंपायलरच्या अंतरंगाचा अभ्यास अधिक खोलवर करू इच्छिणाऱ्यांनी मुंबईच्या आयआयटीत प्रा. उदय खेडकर यांच्या मार्गदर्शनाखाली जीसीसी रिसोर्स सेंटरने तयार केलेल्या अध्ययनसामग्रीकडे वळावे.

८. समारोप

वरील विवेचनाचे सार एका वाक्यात सांगता येईल: ज्या गोष्टीचे वचन कोणी दिलेले नाही, तिच्यावर आपल्या कामाचा पाया घालू नये. जीसीसीच्या कर्त्यांनी टोकनांचे वचन दिले होते, ओळींचे नव्हे. स्क्रिप्टांच्या कर्त्यांनी ओळींवर विसंबून काम केले. दोघेही आपापल्या परीने प्रामाणिक होते, आणि तरीही मोडतोड झाली.

या जिल्ह्यातील वाचकांना याचा दाखला दूर शोधावा लागणार नाही. २०११ च्या जनगणनेच्या रोमन लेखनात जिल्ह्याचे नाव 'अहमद-' असे होते, प्रशासनाच्या व्यवहारात ते 'अहमेद-' असे लिहिले जाई, आणि २०२४ साली जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. जामखेड तालुक्यातील चौंडीपासून अकोल्यापर्यंतची भूमी व १४ तालुके तेच राहिले. सांख्यिकीच्या ज्या कोष्टकांनी जिल्हा नावाच्या अक्षरांवरून ओळखला असेल, त्यांत एका जिल्ह्याचे तीन जिल्हे होण्याचा संभव आहे. ज्यांनी तो त्या जनगणनेच्या ५२२ या संकेतांकाने ओळखला, त्यांना नावाच्या बदलाची झळ लागणार नाही. अक्षरे ओळखणे आणि वस्तू ओळखणे यांतील हा भेद प्रीप्रोसेसरच्या उताऱ्याइतकाच आपल्या प्रत्येक माहितीसंग्रहाला लागू आहे, आणि तो ध्यानात ठेवूनच पुढील पिढीच्या अभ्यासकांनी आपल्या स्क्रिप्टा लिहाव्यात.